सहा आणि सात नंबर

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या आजोबांकडे तिळगूळ द्यायला गेलो आणि परत येताना हातात पुठ्ठ्याचं खोकं. आम्ही राहतो ते इंग्लंडमधलं रेडिंग. आजोबा मूळचे इथलेच, वय ८२. इतक्या वर्षांच्या शेजारात आज पहिल्यांदा कळलं की ते गावातल्या स्पीडवे ट्रॅकवर दाताळं मारायचे. म्हणजे दर शर्यतीनंतर वळणावर बाहेर उडालेला लाल चुरा ओढून पुन्हा सारखा करायचा. पगार नव्हता, आत फुकट जायला मिळायचं, म्हणाले. तिळगूळ दाताला चिकटतो अशी तक्रार करत तीन खाल्ले.

खोक्यात सामन्यांचे प्रोग्राम. मोजले तर ६३. सगळ्यात जुना १९६८ चा. लेकीने त्यांना घर आवरायला बजावलंय, हे खोकं रद्दीच्या ढिगात होतं. मी म्हटलं, स्कॅन करून देतो. तोंडातून गेलं खरं.

स्पीडवे म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं लागलं. चार रायडर, लंबगोल मातीचा ट्रॅक, चार फेऱ्या, कायम डावीकडे वळायचं. चार फेऱ्यांची अशी एक शर्यत मिनिटभरात संपते, तिला हीट म्हणतात. गाडी ५०० सीसी, इंधन मिथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक नाही. ब्रेक नाही हे मी तीनदा विचारून घेतलं. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीला टेकवायचा. त्या बुटाखाली लोखंडी पत्रा बांधलेला असतो. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला शून्य.

१८ जानेवारी, शनिवार

सगळे प्रोग्राम जेवणाच्या टेबलावर पसरले. घरच्यांनी स्वयंपाकघरातच जेवून घेतलं. स्टेपलच्या पिना गंजल्यात, त्या काढताना कागद फाटतो, म्हणून पिना तशाच ठेवून स्कॅन करायचं ठरवलं.

प्रत्येक प्रोग्रामच्या मधल्या पानांवर हीटचे रिकामे चौकोन छापलेले असतात आणि प्रेक्षकांनी ते स्वतः भरायचे असतात. आजोबांनी शिसपेन्सिलीने सगळे भरलेत. वळणावर उभं राहून, हातात दाताळं असताना हे कधी भरत होते कोण जाणे.

संघात सात जण. एक ते पाच मुख्य, सहा आणि सात राखीव. दुसरी हीट ही या राखीवांची: यजमानांचे सहा-सात विरुद्ध पाहुण्यांचे सहा-सात. लोक तेवढ्यात चहा आणायला जायचे, असं आजोबा सांगतात. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात धाकट्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घ्यायचे, तो बाद झाला तरी कुणी मनावर घ्यायचं नाही, तसली काहीशी ही हीट. फरक इतकाच की या लिंबूटिंबूंचे गुण संघाच्या बेरजेत पूर्ण धरले जायचे. तेव्हा सामना १३ हीटचा असायचा, म्हणजे एकूण ७८ गुण. ४०–३८ असा निकाल लागला, तर त्यातले दोन दुसऱ्या हीटमधूनच आलेले असू शकतात.

मोठ्या रायडरांची माहिती हवी तेवढी मिळते. आयव्हन मॉगरची सहा जगज्जेतेपदं कुणीही सांगेल. पण खोक्यातली सहा-सात नंबरची नावं एकेक करून शोधली तर बहुतेकांच्या वाट्याला एखादी ओळ, काहींच्या वाट्याला तीही नाही. तेव्हा प्रकल्प ठरला: या ६३ प्रोग्राममधल्या सगळ्या राखीव रायडरांची हीटवार नोंद. मुख्य पाच जणांचं बघू पुढे.

२५ जानेवारी, शनिवार

आज रकाने ठरवले. तारीख, ट्रॅक, दोन्ही संघ, हीट, नंबर, हेल्मेटचा रंग, नाव, स्थान, गुण, बोनस. हेल्मेटचे रंग सोपे आहेत: यजमानांचे लाल आणि निळा, पाहुण्यांचे पांढरा आणि पिवळा. लांबून चिखलात माखलेला माणूस ओळखू यावा म्हणून ही सोय.

बोनसचा रकाना मात्र दोन तास खाऊन गेला. आजोबांच्या पेन्सिलीत '४+२' असं लिहिलेलं दिसतं. चार हे खरे गुण. अधिक दोन कशाचे?

नियम असा: तुम्ही आपल्याच संघातल्या साथीदाराच्या लगेच मागे आलात आणि तुमच्याही मागे प्रतिस्पर्धी राहिला, तर तुम्हाला एक बोनस गुण. पहिला आणि दुसरा एकाच संघाचे असतील, तर दुसऱ्याला बोनस. दुसरा-तिसरा एकाच संघाचे, तर तिसऱ्याला. पण पहिला आपला, दुसरा परका आणि तिसरे तुम्ही, तर काही नाही. हा गुण संघाच्या बेरजेत येत नाही, रायडरच्या सरासरीत मात्र येतो, आणि त्याचे पैसेही मिळतात. म्हणून '४+२' ला ते लोक 'पेड सहा' म्हणतात.

कारण उघड आहे. हा गुण नसता तर दुसऱ्या क्रमांकावरचा माणूस दोन पैशांसाठी आपल्याच साथीदाराला मागे टाकायला गेला असता आणि दोघे कुंपणावर आदळले असते. बोनस असल्यामुळे तो मागे थांबतो, आडवा राहतो, परक्याची वाट अडवतो. राखीवाचं अर्धं काम हेच. ते निकालात कुठे दिसत नाही, दिसतं फक्त त्या अधिक चिन्हानंतर.

सरासरीचं सूत्र: गुण आणि बोनस यांची बेरीज, भागिले एकूण शर्यती, गुणिले चार. चार एवढ्यासाठी की सामन्यात माणसाला साधारण चार शर्यती मिळतात. म्हणजे १२ ही परिपूर्ण सरासरी. समजा एखाद्याने २२ शर्यतींत १३ गुण आणि ५ बोनस मिळवले, तर त्याची सरासरी ३.२७. बोनस काढला तर २.३६. वरच्या लोकांच्या सरासरीत बोनस म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. खालच्यांच्या बाबतीत तीच भाजी.

२ फेब्रुवारी, रविवार

बेरीज तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. दोन्ही संघांचे गुण मिळून ७८ झाले नाहीत तर ओळ लाल करायची. अकरा सामने लाल झाले. मी आजोबांच्या चुका म्हणून त्या घेऊन त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावला, पहिला कागद पाहिला आणि नववी हीट दाखवली. तिथे दोघांच्याच पुढे आकडे होते, बाकी दोघांपुढे एक 'एफ', एक 'ई एफ'. एक पडला, एकाचं इंजिन गेलं. शर्यत पूर्णच दोघांनी केली, तर ३ आणि २ मिळून पाचच गुण वाटले जाणार. उरलेला एक कुणालाच मिळत नाही. सामन्याची बेरीज ७७. अकरापैकी नऊ सामन्यांत हेच. उरलेल्या दोनांत चूक माझी, टंकताना झालेली.

त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. चहा मात्र मलाच करायला लावला.

८ फेब्रुवारी, शनिवार

नावं. छापताना आद्याक्षर आणि आडनाव एवढंच देण्याची पद्धत, आणि माझ्या स्क्रिप्टने एकसारखी नावं एकत्र केली. परिणाम: 'आर. विल्सन' नावाचा एक माणूस एकाच वेळी लेस्टर आणि शेफिल्ड या दोन्ही संघांकडून खेळतोय. लेस्टरचा रे विल्सन, शेफिल्डचा रेज विल्सन. दोघे सत्तरच्या दशकात एकाच विभागात होते. 'पी. कॉलिन्स'चंही तेच. पीटर १९७६ चा जगज्जेता, बेल व्ह्यूचा. फिल त्याचा धाकटा भाऊ, क्रॅडली हीथचा. कॉलिन्स भाऊ एकूण पाच, पाचही रायडर. आद्याक्षरं वेगळी ठेवायची हे त्यांच्या आईवडिलांच्या ध्यानात आलं नसावं.

आता नावाबरोबर संघ आणि वर्ष जोडून ओळख ठरवतोय. एकत्रीकरण हाताने.

९ फेब्रुवारी, रविवार

राखीवांच्या यादीत सर्वाधिक संघांकडून खेळलेला माणूस सापडला. नऊ संघ, सात नंबर ठरलेला, आणि एकही गुण नाही. नाव ए. एन. अदर.

दहा मिनिटं मी त्याचा चरित्रपट रचत होतो. असा निष्ठावान, असा दुर्दैवी. मग डोक्यात प्रकाश पडला. छपाईला जाताना सातवा माणूस ठरलेला नसला की इंग्रजीत 'आणखी कुणीतरी' या अर्थाने हे नाव छापतात. बायकोला सांगितलं तर अजून हसतेय.

पण त्यातून एक कामाची गोष्ट निघाली. ए. एन. अदर छापलेल्या बहुतेक ठिकाणी आजोबांनी ते खोडून वर खरं नाव लिहिलंय. त्या दिवशी दुपारी फोन गेला असेल, कुणीतरी गॅरेजमधलं काम टाकून, गाडी व्हॅनमध्ये घालून आला असेल. छापील कागदात तो माणूस नाहीच, तो फक्त पेन्सिलीत आहे. म्हणून नवा रकाना: 'छापील की पेन्सिल'.

१९ फेब्रुवारी, बुधवार

१९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळ हाय बीच इथे एका पबच्या मागच्या मैदानात ज्या शर्यती झाल्या, तिथून ब्रिटनमधल्या या खेळाची सुरुवात धरतात. आयोजकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक लोटले. खेळ आला ऑस्ट्रेलियातून. आपल्या कामाचा काळ मात्र १९६५ नंतरचा: त्या वर्षी १८ संघांची ब्रिटिश लीग उभी राहिली आणि १९६८ मध्ये तिला १० संघांचा दुसरा विभाग जोडला गेला. रेडिंग त्या दहांतलं एक, म्हणून खोकं १९६८ पासून सुरू होतं. बेल व्ह्यूने तर आपली पोरंटोरं 'कोल्ट्स' म्हणून दुसऱ्या विभागात उतरवली आणि त्यांनीच पहिल्या वर्षी अजिंक्यपद नेलं.

एक गुंता सोडवतोय. संघ मरतात, पण लीगमध्ये खेळण्याचा परवाना मरत नाही, तो दुसऱ्या गावी जातो. एडिनबराला १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी मेडोबँक मैदान द्यावं लागलं, तेव्हा तिथला मोनार्क्स संघ १९६८ ला कोटब्रिजला गेला. दोन हंगामांनी तोच परवाना थेट वेम्बलीला. रायडर बर्ट हार्किन्स तिन्ही ठिकाणी होता. लाँग ईटनचा परवाना लेस्टरला. नेल्सनचा संघ १९७० च्या हंगामातच ब्रॅडफर्डला. कारकून बदली होऊन जातो तसे हे रायडर गावोगाव गेले. फरक हा की इथे कार्यालयच बदली होऊन जायचं.

१ मार्च, शनिवार

१९७३ चे प्रोग्राम. रेडिंग पहिल्या विभागात विजेतं ठरलं ते वर्ष. इथे काम हळू चाललं, कारण प्रत्येक पानावर आजोबा थांबतात.

त्या संघाचं नाव निघालं की लोक आंदर्स मिखानेक म्हणतात. स्वीडनचा हा माणूस, पुढच्या वर्षी जगज्जेता झाला, तोही अंतिम फेरीत पाचपैकी पाच शर्यती जिंकून. पण आजोबांचा जीव बर्नी ली याच्यात अडकलाय. दुसऱ्या विभागातल्या दिवसांपासून रेडिंगला असलेला, मोठे परदेशी आले की खालच्या नंबरावर सरकणारा, पण जाणार नाही. टाइलहर्स्टचं मैदान १९७३ नंतर बंद झालं, १९७५ मध्ये स्मॉलमीडला नवं सुरू झालं, तर तिथेही हजर. मिक बेल, बॉब हम्फ्रीज ही त्याच्या पंगतीतली बाकी नावं. त्यांच्या पेन्सिलीतले अधिकचे आकडे मी वेगळे काढतोय.

त्याच संघात जेफ कर्टिस, ऑस्ट्रेलियाचा. हंगाम संपवून विजेता म्हणून घरी गेला आणि डिसेंबर १९७३ मध्ये सिडनीच्या शोग्राउंड ट्रॅकवर अपघातात गेला. आजोबांनी त्याच्या नावावर बोट ठेवलं आणि पान उलटलं.

८ मार्च, शनिवार

आज टंकणं कमी, वाचन जास्त. खोक्यात वेस्ट हॅमचा एक प्रोग्राम आहे. वेस्ट हॅम म्हणजे १९६५ ची पहिली ब्रिटिश लीग जिंकणारा संघ, लंडनच्या कस्टम हाउस मैदानावरचा.

जुलै १९७० मध्ये त्यांचा संघ, काही पाहुणे रायडर घेऊन, नेदरलँड्सच्या दौऱ्यावर गेला होता. परतताना १४ जुलैला बेल्जियममधल्या लोकरेनजवळ त्यांच्या मिनीबसला अपघात झाला. मॅनेजर फिल बिशप गेला. तोही जुना रायडर, तीसच्या दशकात हाय बीचला धावलेला. इतका पडायचा की 'पडण्यातला राजा' अशा अर्थाचं टोपणनाव त्याला चिकटलं होतं. एवढ्या पडण्यांतून वाचलेला माणूस बसमध्ये बसलेला असताना गेला. त्याच्याबरोबर पीटर ब्रॅडशॉ, माल्कम कारमायकल, गॅरी एव्हरेट आणि मार्टिन पिडॉक हे चार रायडर, आणि बसचा चालक. कॉलिन प्रॅट मान मोडून वाचला, पण पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. पुढे मॅनेजर आणि आयोजक म्हणून मात्र अनेक वर्षं या खेळात राहिला. स्टॅन स्टीव्हन्स आणि गॅरी हे हेही वाचले.

गेलेल्यांपैकी कुणीही जगज्जेतेपदाच्या अंतिम फेरीतलं नाव नाही. म्हणून अपघाताचा उल्लेख 'वेस्ट हॅमचा अपघात' असा होतो. ती चार नावं सलग क्वचित येतात. माझ्या शीटमध्ये प्रत्येकाची वेगळी ओळ केली. खोक्यात त्यांची एकही शर्यत नाही, त्यामुळे ओळींमध्ये नावापलीकडे काही नाही. प्रकल्पाच्या व्याख्येत हे बसत नाही हे मला कळतं.

१५ मार्च, शनिवार

परवान्यांच्या मागे जाता जाता आणखी एक साखळी हाती आली. ऑक्सफर्डचा संघ १९७६ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटीला गेला, १९७७ ला तिथे लीग जिंकला, १९७८ नंतर तिथूनही उठला आणि परवाना ईस्टबोर्नला पोचला. १९७७ च्या विजेत्या संघातला स्टीव्ह वेदरली त्याच्याबरोबर ईस्टबोर्नला. ८ जून १९७९ ला हॅकनीच्या ट्रॅकवर तो आणि हॅकनीचा विक हार्डिंग एकमेकांत अडकून कुंपणावर गेले. हार्डिंग वाचला नाही. वेदरलीचं उरलेलं आयुष्य चाकाच्या खुर्चीत.

त्या हंगामाच्या आकड्यांत दोघांचीही सरासरी जूनपर्यंत येते आणि थांबते. तक्त्यात हे 'सामने कमी' एवढंच दिसतं. 'थांबण्याचं कारण' असा रकाना घालावा का, यावर आजचा दिवस गेला. घातला. दुखापत, नोकरी, परवाना गेला, मायदेशी परत, मृत्यू. बहुतेकांपुढे तो रिकामाच राहणार आहे.

२२ मार्च, शनिवार

आजोबा शीट बघायला पहिल्यांदाच घरी आले. लॅपटॉपवर अक्षरं मोठी करून दिली. पाच मिनिटांत चूक काढली.

मी पडणारा, इंजिन बंद पडलेला, बाद ठरवलेला आणि शेवटी आलेला, सगळ्यांना गुणांच्या रकान्यात ० घातलं होतं. त्यांना ते सहनच झालं नाही. शेवटी येऊन शून्य आणि तिसऱ्या फेरीपर्यंत पुढे राहून साखळी तुटल्यामुळे शून्य, हे एकच कसं? सुरुवातीच्या रेषेवरची फीत सुटण्याआधी तिला गाडी लागली म्हणून बाद, दोन मिनिटांच्या मुदतीत रेषेवर आला नाही म्हणून बाद, हीसुद्धा वेगवेगळी पापं आहेत. त्यांच्या पेन्सिलीत प्रत्येकाला निराळं अक्षर आहे. मी ती अक्षरं 'स्वच्छ' करून टाकली होती. सफाईच्या नावाखाली मीच माहिती पुसली!

मूळ स्कॅनवरून पुन्हा भरायला घेतलं. अंदाजे सातशे चौकोन. आजोबा वाचतात, मी टंकतो. त्यांच्या आवाजात 'एफ' आणि 'ई एफ' यांत मोठा फरक आहे. दुसऱ्याच्या वेळी ते उसासा टाकतात.

३० मार्च, रविवार

आज पाडवा आणि आजच इथली घड्याळं एक तास पुढे. गुढी उभारेपर्यंत ऊन वर आलेलं. दुपारी पुरणपोळी घेऊन शेजारी. स्मॉलमीड बंद होऊन सतरावं वर्ष लागेल, २००८ ला गेलं ते मैदान. मार्चअखेर म्हणजे हंगाम सुरू व्हायचे दिवस. त्यांना अजून या आठवड्यात वीटभट्टीसारख्या ओल्या चुऱ्याचा वास येतो म्हणे.

शेवटचे नऊ प्रोग्राम उरलेत. त्यांतला एक मी इतके दिवस बाजूला ठेवला होता, कारण तो चार हीटपर्यंतच भरलेला आहे. खाली आडवी रेघ आणि एकच शब्द: पाऊस.

दुसऱ्या हीटमध्ये सात नंबरपुढे ३ लिहिलंय. त्याच्या ओळीवर चाळणी लावून पाहिली. खोक्यात त्याचे नऊ सामने, २६ शर्यती, ११ गुण, ६ बोनस, पहिला क्रमांक एकदाही नाही. ही एक सोडून. आणि ही धरता येत नाही, कारण तो सामना सोडून दिला गेला आणि पुढे कधीतरी पहिल्या हीटपासून पुन्हा घेतला. पुन्हा घेतलेल्या सामन्याचा प्रोग्रामही खोक्यात आहे. त्यात दुसऱ्या हीटला तो तिसरा.

क्रिकेटमध्ये पावसाने सामना धुतला तरी झालेल्या धावा फलंदाजाच्या खात्यात राहतात. इथे तशी सोय नाही. नाव मी इथे लिहीत नाही. अधिकृत निकालात नसलेली गोष्ट आहे, आणि ते गृहस्थ किंवा त्यांच्या घरचे सापडले तर आधी त्यांना विचारणं बरं.

आजोबांना तो आठवत नाही. पाऊस आठवतो. त्या रात्री चुऱ्याचा गारा झाला होता आणि दाताळं उचलवत नव्हतं, एवढंच.

५ एप्रिल, शनिवार

सहावं पत्रक पूर्ण, बेरजा जुळल्या, ७७ वाले सामनेही कारणासकट. ए. एन. अदर काढून टाकला. जिथे पेन्सिलीत नाव नाही तिथे जागा रिकामी.

ती शर्यत मुख्य तक्त्यात घातली तर त्याची सरासरी अधिकृत आकड्याशी जुळत नाही, आणि मग बाकीच्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आजोबा म्हणाले, "घाल रे, कोण बघतंय." कोणी बघत नाही हेच तर सगळं दुखणं आहे, पण ते त्यांना सांगितलं नाही.

पत्रक सातवं उघडलं: 'सोडून दिलेले सामने'. रकाने तेच, सरासरीचा सोडून. पहिली ओळ भरली: हीट २, नंबर ७, निळं हेल्मेट, पहिला, ३, पेन्सिल.